विकत घेतलेले घर कोणाचे?

परदेशी आलेल्या आपल्या कुटुंबांपैकी ज्याने ज्याने घर घेतले, त्याने ती बातमी मोठ्या आनंदाने आप्तांना कळविली असेल. “आता आम्ही स्वतःच्या घरात राहतो,” या वाक्यामागे किती वर्षांची काटकसर, किती जादा पाळ्या आणि कर्जाचे किती हप्ते असतात, हे वाचकांना सांगायला नको. पण ‘स्वतःचे’ या शब्दाचा अर्थ काय? पैसे फेडले, कागदावर सही झाली, किल्ली हाती आली, म्हणजे घर सर्वस्वी आपले झाले काय? शेजाऱ्याचा त्यावर काही हक्क उरतो काय?

इंग्रज माणूस आपल्या घराला किल्ला म्हणतो. परंतु याच देशात एक वस्ती अशी आहे की तेथे घराच्या मालकालाही मनास येईल तसे वागता येत नाही. लंडनच्या उत्तरेस गोल्डर्स ग्रीनजवळ हॅम्पस्टेड गार्डन सबर्ब म्हणून ही वस्ती आहे. व्हाइटचॅपलच्या गरीब वस्तीत पतीबरोबर वर्षानुवर्षे समाजसेवा केलेल्या हेन्रिएटा बार्नेट या बाईंनी १९०७ साली ती वसविली. श्रीमंत आणि मजूर एकाच वस्तीत राहावेत, एका एकरात सरासरी आठांहून अधिक घरे नसावीत, घरांमध्ये भिंतींऐवजी झुडपांचे कुंपण असावे, बागा सर्वांना खुल्या असाव्यात आणि शांतता राहावी, असा त्यांचा आग्रह होता. प्रार्थनामंदिराच्या घंटेचासुद्धा कोणाला त्रास होऊ नये, इथपर्यंत त्यांचा विचार गेला होता. रात्रपाळी करून सकाळी डोळे मिटणाऱ्या परिचारिकेला या विचाराची किंमत चांगली कळते.

पुढे १९६७ साली कायदा झाला आणि लांब मुदतीच्या लीजवर राहणाऱ्यांना घराची जमीनही विकत घेता येऊ लागली. मग वस्तीचे रूप कोण सांभाळणार? म्हणून १९७४ साली न्यायालयाच्या मंजुरीने एक योजना लागू झाली. तिच्यानुसार जमीन स्वतःची झाली तरी घराचे बाहेरील रूप बदलायचे असेल, तर तेथील ट्रस्टची परवानगी घ्यावी लागते.

हा जुलूम आहे असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. ज्याने तेथे घर घेतले, त्याने केवळ विटा आणि कौले विकत घेतली नाहीत. समोरची झाडे, शेजारची बाग, रस्त्यावरची शांतता यांचेही पैसे त्याने मोजले, आणि हे सारे इतरांनी राखले म्हणून त्याला मिळाले. जे दुसऱ्यांच्या संयमामुळे आपल्याला लाभते, त्याची परतफेड आपल्या संयमानेच करावी लागते.

आपला धर्मही हेच शिकवितो. जमीन कायमची विकू नये, कारण ती परमेश्वराची आहे आणि आपण तिच्यावर उपरे व प्रवासी आहोत, असे लेवीय पुस्तकाच्या २५व्या अध्यायात सांगितले आहे. नवे घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा घालावा, म्हणजे कोणी पडून मरणार नाही, अशी आज्ञा अनुवाद पुस्तकाच्या २२व्या अध्यायात आहे. म्हणजे घर माझे, पण त्यावरून पडणाऱ्या दुसऱ्याच्या जिवाची काळजीही माझी. मिश्नाने तर शेजारधर्माचे मोजमापच दिले: कातडी कमावण्याचा कारखाना गावापासून ५० हात दूर असावा, झाड २५ हात दूर असावे. इंग्लंडमध्येही १९९६च्या कायद्याप्रमाणे दोन घरांमधील सामाईक भिंतीचे काम काढण्यापूर्वी शेजाऱ्याला लेखी सूचना द्यावी लागते.

पण नाण्याची दुसरी बाजू याच वस्तीने दाखविली. शब्बाथ दिवशी घराबाहेर ओझे नेता येत नाही, लहान मूल कडेवर किंवा गाडीतही नेता येत नाही, म्हणून वस्तीभोवती ‘एरुव’ची हद्द आखण्याची शास्त्रात सोय आहे. वायव्य लंडनमध्ये अशी सुमारे ११ मैलांची हद्द आखायचे ठरले. बराचसा भाग जुन्या भिंती, रस्ते व रेल्वेमार्ग यांनीच पुरा होत होता. उरलेल्या फटींपुरते खांब आणि बारीक तार हवी होती. तरी विरोध उसळला. खांब विद्रूप दिसतील असे काहींचे म्हणणे. वस्ती एकाच धर्माची होईल अशी काहींची भीती. विरोध करणाऱ्यांत ज्यूही होते. वाद अनेक वर्षे चालला आणि अखेर २००३ साली एरुव सुरू झाला.

मग शेजाऱ्याचा कोणता हक्क खरा आणि कोणता खोटा? मला एक साधी कसोटी सुचते. तक्रारीतून माझे नाव, धर्म आणि रंग काढून टाकावा. तरीही तक्रार शिल्लक राहते काय ते पाहावे. रात्री अकरानंतर मोठ्याने गाणी लावली, तर ती कोणीही लावली तरी त्रास तोच. ही तक्रार खरी. पण टेलिफोनचे खांब ज्याला खुपत नाहीत, त्याला एरुवचा खांब खुपला. रविवारी भाजलेल्या मांसाचा वास ज्याला चालतो, त्याला आमच्या बोंबलाचा वास चालला नाही, तर त्याची हरकत खांबाला किंवा वासाला नसून माणसाला आहे. ती मानण्याचे कारण नाही.

आपल्या पूर्वजांनी हा भेद कोकणात अनुभवला. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्यांना गावाने ‘शनिवार तेली’ हे नाव दिले, पण शनिवारी घाणा चालवा असा हट्ट धरला नाही. आणि आपणही गावचे झालो ते इतके की गावाचे नावच आडनाव म्हणून लावले. पेणकर, रोहेकर, नवगावकर यांच्यापैकी कितीजणांचे आज त्या गावी घर आहे? घर गेले, गाव मात्र नावात राहिले. गावाला आपण आपले म्हटले आणि गावाने आपल्याला, म्हणून ते टिकले, खरेदीखताने नव्हे.

आता ही कसोटी स्वतःलाही लावली पाहिजे. ब्रिटनमध्ये वर्ण पाहून घर नाकारण्यास १९६८च्या कायद्याने बंदी केली. त्यापूर्वी आलेल्यांना बंद होणारी दारे ठाऊक आहेत. आज आपण त्याच रस्त्यावरचे जुने रहिवासी झालो आहोत. शेजारचे घर विकायला निघाले की “कोण येणार? कुठले लोक?” असे आपल्याही तोंडून निघते. ‘वस्ती बिघडेल’ हे शब्द आपल्याविषयी बोलले जात होते. ते आपण दुसऱ्याविषयी बोलावेत काय?

अब्राहाम अवीनूंनी साराच्या दफनासाठी हेथच्या लोकांकडून जमीन घेतली, तेव्हा सर्वांदेखत पूर्ण ४०० शेकेल मोजले; आणि मोजण्यापूर्वी आपण येथे उपरे आहोत हे स्वतःच सांगितले. त्यांनी किंमत पुरी दिली आणि ताठा धरला नाही. घर घेणाऱ्याने एवढे साधले तरी पुष्कळ झाले. चौकटीवर मेझुझा लावताना आपण दार परमेश्वराच्या स्वाधीन करतो. मग त्याच दारातून नव्या शेजाऱ्याकडे संशयाने पाहणे आपल्याला शोभत नाही.