आपत्काळी भार कोणाचा?

निर्गमाच्या अठराव्या अध्यायात सासऱ्याजावयांची एक भेट वर्णिली आहे. मोशेचा सासरा इथ्रो रानातील छावणीत आला आणि दुसऱ्या दिवशी त्याने पाहिले की, सकाळपासून सायंकाळपर्यंत लोक मोशेभोवती ताटकळत उभे आहेत व तो एकटाच सर्वांची गाऱ्हाणी ऐकत बसला आहे. त्या अनुभवी वृद्धाने जावयास सल्ला दिला की, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर व दहांवर अशी देवभीरू आणि निर्लोभी माणसे नेमावीत. लहान कामे त्यांनी उरकावीत, अवघड तेवढे मोशेपुढे यावे. मोशेने तो सल्ला मानला. ह्या पायऱ्या भार वाटून घेण्याकरिता होत्या, भार ढकलून देण्याकरिता नव्हत्या. एवढी एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

समजा, आपल्या गावी रात्री ओढ्याला पूर आला आणि एका विधवेची भिंत पडून तिचे धान्य भिजले. सकाळी ती चावडीवर जाते. तलाठी म्हणतो, पंचनामा तालुक्याला पाठविला. तहसीलदार म्हणतात, अहवाल जिल्ह्याला गेला. जिल्ह्याचे अधिकारी म्हणतात, राज्याचा हुकूम यावयाचा आहे. राज्य म्हणते, केंद्राचे पथक पाहणी करून गेले, पैसा यावयाचा आहे. ह्यांपैकी एकही मनुष्य खोटे बोलत नाही. तरी त्या बाईची चूल पेटलेली नाही. प्रत्येकाने आपापले काम केले असूनही एक जीव उपाशी राहिला, तर ते पाप कोणाच्या पदरी पडते? हा प्रश्न केवळ कारभाराचा नाही, नीतीचा आहे.

आपल्या नगर जिल्ह्याने, ज्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, ह्या प्रश्नाचे मोल फार भारी दिले आहे. १८७६ साली पाऊस गेला व दख्खनवर मोठा दुष्काळ पडला. मुंबई सरकारने मोठी कामे काढून लोकांस मजुरी देण्यास आरंभ केला. परंतु खर्चाची चिंता वाहणाऱ्या हिंदुस्थान सरकारने जानेवारी १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपल यांस पाहणीस पाठविले आणि मजुरी उतरली. पुरुषास दिवसाला एक पौंड धान्यापुरता पैसा व वर एक आणा, असा दर ठरला. कलकत्त्याच्या हिशेबात तो पुरेसा होता; खडी फोडणाऱ्याच्या पोटात तो पुरेसा नव्हता. हजारो मजूर कामे सोडून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती जमवून सरकारकडे अर्जामागून अर्ज केले. वरच्या पायरीस तिजोरी दिसत होती, खालच्या पायरीस भूक दिसत होती, आणि मधल्या अंतरात माणसे मरत होती.

त्यातून सरकार काही शिकले. १८८० साली दुष्काळ कमिशनने आपला अहवाल दिला व त्यानंतर प्रांतोप्रांती नियम लिहिले गेले. धोक्याची चिन्हे कोणी पाहावीत, कामे कोणी उघडावीत, खर्च कोणी मंजूर करावा, हे आगाऊ ठरले. परंतु लिहिलेल्या नियमाने आपोआप भाकरी भाजली जात नाही. १८९९-१९०० च्या दुष्काळात पुन्हा माणसे व गुरेढोरे मेली. आणि नगर येथील अमेरिकन मराठी मिशनचे रेव्ह. डॉ. रॉबर्ट ॲलन ह्यूम यांनी परदेशाहून आलेली मदत पोहोचविण्याचे व अनाथांस आसरा देण्याचे ओझे आपल्या खांद्यावर घेतले.

१९७२ चा दुष्काळ आपल्यातील वडीलधाऱ्यांस अजून आठवतो. त्या वेळी केंद्राकडून धान्य आले, त्यात परदेशचा तांबडा मिलोही होता. राज्याने मजुरीचा पैसा दिला, जिल्हाधिकाऱ्यांनी पाझर तलाव, नालाबांध व रस्ते यांची कामे उघडली, मुकादमाच्या हाती हजेरीपट आला आणि लेकरांच्या हाती सुकडी आली. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर सुमारे ५० लक्ष माणसे अशा कामांवर होती. मजुरी कधी उशिरा मिळाली, धान्य अपुरे पडले, हे खरे. परंतु १८७७ सारखा संहार झाला नाही. पुढे १९७७ साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा झाला व मागणाऱ्यास काम देणे हे सरकारचे कर्तव्य ठरले. पूर्वी जी मेहेरबानी होती तिचे ऋण झाले.

त्यानंतर २००५ साली देशाने आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा केला. त्याप्रमाणे राष्ट्राच्या प्राधिकरणाचे अध्यक्ष पंतप्रधान, राज्याच्या प्राधिकरणाचे मुख्यमंत्री व जिल्ह्याच्या प्राधिकरणाचे जिल्हाधिकारी असतात, आणि त्यांच्या जोडीस लोकांनी निवडलेला प्रतिनिधी सहअध्यक्ष असतो. कागदावर तरी इथ्रोच्या पायऱ्या रचल्या गेल्या. आता प्रश्न उरतो तो पायरीवर उभ्या असलेल्या मनुष्याचा.

आमच्या अल्प मतीप्रमाणे उत्तर असे आहे. जो जवळ आहे त्याचे कर्तव्य पहिले, कारण त्याने डोळ्यांनी पाहिले आहे. जो वर आहे त्याचे कर्तव्य मोठे, कारण कोठाराची किल्ली त्याच्या हाती आहे. जवळच्याने, ‘वर कळविले,’ एवढ्यावर निजू नये. वरच्याने, ‘मला कोणी कळविले नाही,’ असे म्हणू नये. योसेफाने मिसरात सात वर्षे धान्य साठविले, परंतु ते सारे राजधानीत ओढून नेले नाही. ज्या नगराभोवतीची शेते, त्याच नगरात त्यांचे धान्य ठेविले. हुकूम एका ठिकाणचा, पण कोठार भुकेल्याच्या जवळ, हे त्याचे शहाणपण होते.

कोणी म्हणेल, गरीब तलाठ्याच्या हाती काय आहे? मंजुरीवाचून खर्च केला तर त्याच्यावरच चौकशी बसेल. ही अडचण खोटी नाही, आणि नियम मोडावेत असे आम्ही सांगत नाही. नियम नसता तर गरिबाचा वाटा बलवानांनीच खाल्ला असता. परंतु पंचनामा उद्या झाला तरी चालेल, पांघरूण आज पाहिजे. आणि पांघरुणास कोणत्याही नियमाची आडकाठी नाही. शाळेची खोली उघडणे, दोन घरांतून पीठ आणणे, तालुक्यास दुसऱ्यांदा व तिसऱ्यांदा विचारणे, हे प्रत्येकाच्या हातचे आहे. जखमी मनुष्यास ओलांडून गेलेल्या याजकाने व लेव्याने कोणता कायदा मोडला होता? त्यांचे हात स्वच्छच राहिले, आणि तोच त्यांचा दोष ठरला.

बंधुभगिनींनो, ह्या शिडीची सर्वांत खालची पायरी आपण आहो. यरुशलेमेच्या पहिल्या मंडळीत रोजच्या वाटणीत काही विधवा वगळल्या जात आहेत अशी कुरकूर उठली, तेव्हा प्रेषितांनी कुरकूर करणाऱ्यांस दटाविले नाही. त्यांनी सात विश्वासू माणसे निवडावयास लावली. म्हणून गाऱ्हाणे वर नेणे हा उद्धटपणा नव्हे, ती सेवा आहे. मात्र ते सत्य असावे. पडलेल्या एका भिंतीच्या तीन लिहिल्या, तर ज्याचे सर्व घर वाहून गेले त्याच्या तोंडचा घास आपण काढला. उपदेशक बंधूंनी यादी करावी ती मंडळीच्या वहीवरून करू नये, घराघराच्या उंबऱ्यावरून करावी. देऊळवाला, मशीदवाला व आपला असा भेद तीत नसावा, कारण पुराच्या पाण्याने तो भेद केला नव्हता.

पाऊस येण्याआधीच प्रत्येक मंडळीने बसून ठरवावे की, आपल्या वस्तीत एकटे म्हातारे कोण, अपंग कोण, ओढ्याकाठी कोण राहते, आणि रात्री हाक आली तर प्रथम कोणाच्या दारी कोणी जावयाचे. हे ठरविण्यास कोणाच्या मंजुरीची गरज नाही. त्या शेवटल्या दिवशी प्रभू आपल्यास अहवाल कोठवर गेला हे विचारणार नाही. भुकेल्यास खावयास दिले की नाही, हेच विचारील.