कॅप्सूल, लोकर आणि अहिंसा

ड जीवनसत्त्व कमी निघाले की डॉक्टर बहुधा आठवड्याला 60,000 युनिटची मात्रा लिहून देतात आणि शाकाहारी घरात प्रश्न उठतो : हे आपल्याला चालते का? शंका बिनबुडाची नाही. औषधातले ड3 बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीपासून बनते. कातरलेली लोकर गरम पाण्यात धुतली की तिच्यातला मेणचट ओशटपणा, म्हणजे लॅनोलिन, सुटतो. त्यातले कोलेस्टेरॉल वेगळे काढून त्यावर प्रक्रिया करतात आणि शेवटी अतिनील किरण सोडतात. ऊन आपल्या कातडीत जे घडवते तेच इथे कारखान्यात घडते. मऊ कॅप्सूलचे कवच मात्र सहसा जिलेटिनचे असते, आणि जिलेटिन निघते मारलेल्या जनावरांच्या हाडांतून व कातड्यांतून. एकाच कॅप्सूलमध्ये असे दोन प्रश्न आहेत आणि दोन्हींचे उत्तर एक नाही.

अहिंसेचा सर्वांत बारीक विचार जैन परंपरेने केला आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात प्रमादातून, म्हणजे बेफिकिरीतून, झालेल्या प्राणघाताला हिंसा म्हटले आहे. तेव्हा नुसता पदार्थाचा उगम पाहून भागत नाही. इजा कोणाला झाली आणि ती टाळायची फिकीर होती का, हे पाहावे लागते. लोकर दिल्यावर मेंढी जगते. म्हणून दूध पिणाऱ्याने लॅनोलिनला नाक मुरडणे विसंगत आहे. जिलेटिनसाठी मात्र जीव गेलेला असतो, आणि ते टाळताही येते : हीच मात्रा पुडीत, साध्या गोळीत किंवा वनस्पतिजन्य कवचातही मिळते. औषध घेताना तेवढी चौकशी न करणे हाच प्रमाद.

यावर कोणी म्हणेल, मेंढी जगते हे अर्धसत्य आहे. ऑस्ट्रेलियात माश्यांच्या अळ्या पडू नयेत म्हणून अनेक मेरिनो मेंढ्यांच्या शेपटीखालची कातडी कापून काढतात, आणि म्हाताऱ्या मेंढ्या कत्तलखान्यात जातात. करणे, करवणे आणि अनुमोदन देणे या तिन्हींत दोष मानला, तर विकत घेणाराही सुटत नाही. हा आक्षेप खरा आहे, पण नर वासरांचे काय होते हे आठवले की तो दुधालाही तितकाच लागू पडतो. ज्याला तो पूर्ण पटतो, त्याच्यासाठी गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या जातकुळीतल्या लायकेनपासून काढलेले ड3 आहे. यीस्टपासून बनणारे ड2 आहे, जरी ते रक्तातली पातळी ड3 इतकी वाढवत नाही. ऊन फुकट असताना औषध कशाला, हा आक्षेपही रास्तच. पण अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याला खिडकीच्या काचेतून आलेले ऊन उपयोगी पडत नाही, कारण लागणारे किरण काच अडवते.

गरज नसताना घेणे हाही प्रमादच. अमेरिकेतल्या व्हायटल नावाच्या वैद्यकीय चाचणीत 25,871 जणांपैकी निम्म्यांना रोज 2,000 युनिट ड3 दिले. हाडे मोडण्याचे प्रमाण त्याने घटले नाही. अंतःस्रावतज्ज्ञांच्या एंडोक्राइन सोसायटीच्या 2024 च्या मार्गदर्शिकेत निरोगी प्रौढांच्या ड जीवनसत्त्वाची सरसकट तपासणी करू नये असा सल्ला आहे. अहवालातल्या आकड्याला घाबरून गिळलेल्या कॅप्सूलमागची इजा, कितीही थोडी असो, विनाकारण होते. उलट मुडदुसाने पाय वाकलेल्या मुलाचे औषध सोवळेपणापायी रोखले, तर ती त्या मुलाची हिंसा आहे. व्रत पाळणाऱ्याने कॅप्सूलच्या कवचाइतकीच आपल्या गरजेचीही चौकशी करायला हवी.