अभाव आणि झडप

समुद्रातल्या तेलविहिरीच्या उत्पादन नळीत, समुद्रतळाच्याही साधारण तीस मीटर किंवा त्याहून अधिक खाली, एक सुरक्षा झडप बसवलेली असते. तिची स्वाभाविक स्थिती बंद राहण्याची. वर प्लॅटफॉर्मवरच्या पॅनेलमधून हायड्रॉलिक तेलाचा दाब सतत मिळत राहिला तरच ती उघडी राहते आणि विहीर वाहते. दाब गेला की ती मिटते. या रचनेत भारतीय दर्शनांमधला एक जुना आणि अजून न मिटलेला प्रश्न हात लावून पाहता येईल इतका जवळ येतो. जे नाही, ते कशाचे कारण होऊ शकते का?

आधी झडप नीट पाहायला हवी. पाव इंच जाडीची पोलादी नळी उत्पादन नळीला बाहेरून पट्ट्यांनी बांधून खाली नेलेली असते. तिला कंट्रोल लाइन म्हणतात. तिच्यातल्या तेलाचा दाब झडपेतल्या दट्ट्यावर पडतो, दट्ट्या एका आतल्या नळीला खाली ढकलतो, आणि ती नळी बिजागरीवरच्या गोल झाकणाला बाजूला सारून भिंतीशी दाबून धरते. त्याच वेळी दट्ट्याच्या खाली एक दणकट स्प्रिंग आवळली जाते. जोवर दाब आहे तोवर स्प्रिंग आवळलेलीच राहते. दाब सुटला की स्प्रिंग आतल्या नळीला वर उचलते, आधार गेलेले झाकण आडवे होते आणि खालून येणारा विहिरीचाच रेटा त्याला बैठकीवर घट्ट बसवतो.

दाब सुटण्याच्या वाटा अनेक आहेत. वर आग लागली तर ठरावीक तापमानाला वितळणारे छोटे प्लग वितळतात आणि दाब निघून जातो. कुणी आपत्कालीन बटण दाबले तरी तेच होते. जहाज धडकून विहिरीचे तोंड उखडले आणि कंट्रोल लाइन तुटली तरीही तेच. ‘बंद हो’ असा निरोप यांपैकी कोणत्याही वेळी खाली जात नाही. ‘उघडी राहा’ हा निरोप अखंड चालू असतो, तो फक्त थांबतो.

मग झडप कशाने बंद झाली? स्प्रिंगने, की दाब नसण्याने?

खानदेशाच्या काळ्या मातीखाली बेसॉल्टचा खडक आहे. तिथे तेलविहिरी नाहीत. पण हा प्रश्न सोडवू पाहणारी एक संस्था मात्र याच मातीत, बोरी नदीच्या काठी अमळनेरला उभी राहिली. गिरणीमालक श्रीमंत प्रतापशेठ यांनी 1916 साली तिथे तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले. जी. आर. मलकानी यांनी अनेक वर्षे ते चालवले.   मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांनी मिळून 1933 साली ‘अज्ञान’ नावाचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. अज्ञान म्हणजे केवळ ज्ञान नसणे, की ती स्वतःच काहीतरी असलेली, काम करणारी गोष्ट, हा त्याचा विषय. म्हणजे तो अभावाचाच प्रश्न होता, ज्ञानाच्या बाजूने विचारलेला.

अभाव कारण होतो की नाही, या वादाचे मूळ एका उदाहरणात आहे. आगीजवळ विशिष्ट मणी ठेवला तर आग जाळत नाही, मणी उचलला की जाळते, असे जुन्या शास्त्रकारांनी धरून चालले आहे. मणी खरा की कल्पित, हे इथे महत्त्वाचे नाही. मीमांसा दर्शनाचे अनुयायी, म्हणजे मीमांसक, म्हणतात की आगीत दाहशक्ती असते, मणी तिला दाबून टाकतो, आणि जाळण्याचे काम ती शक्तीच करते. न्याय दर्शनाचे अनुयायी, म्हणजे नैयायिक, शक्ती नावाचा वेगळा पदार्थ मानायला तयार नाहीत. त्यांच्या मते जळण्याच्या कारणसामग्रीत आग, लाकूड यांच्याबरोबर मणी नसणे हेही एक कारणच आहे. त्याला ते प्रतिबंधकाभाव म्हणतात, म्हणजे अडथळ्याचा अभाव.

झडपेला हे लावून पाहावे. मिटण्याचा प्रतिबंधक म्हणजे हायड्रॉलिक दाब. मीमांसक स्प्रिंगकडे बोट दाखवेल आणि म्हणेल, शक्ती ही होती, दाबाने तिला रोखले होते, तो हटला. नैयायिक म्हणेल, स्प्रिंग कालही होती, परवाही होती, तरी झडप उघडी होती. आज जे नवे घडले ते एवढेच की दाब नाहीसा झाला. ज्याच्या असण्यानसण्याबरोबर कार्य बदलते त्याला कारण म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे?

नैयायिकांनी इथे आणखी एक बारकावा जोडला आहे. मणी जवळ असूनही दुसरा एखादा पदार्थ मण्याचा प्रभाव खोडून टाकत असेल तर आग जाळतेच. त्या पदार्थाला उत्तेजक म्हणतात. म्हणून कारण नुसते ‘मणी नसणे’ नव्हे, तर ‘उत्तेजकाविना असलेला मणी नसणे’ असे नेमके सांगावे लागते. विहिरीत याची उलटी बाजू दिसते. झडप बिघडली किंवा खाली काही काम करायचे असले तर एक अवजार उतरवून तिची आतली नळी खालीच जखडून ठेवता येते. मग दाब सोडला तरी झाकण हलत नाही. मिटण्याच्या आड आता दाब नाही, पण दुसरा प्रतिबंधक आहे. दाबाचा अभाव कारण खरा, पण एकटा कधीच पुरा पडत नाही. तसे म्हटले तर एकटी स्प्रिंगही पुरी पडत नाही.

अभाव कशाचा, हे नेमके सांगण्याची नव्यन्यायाची, म्हणजे न्याय दर्शनाच्या नंतरच्या शाखेची, हौस अनेकांना शब्दांचा कीस काढण्यासारखी वाटते. विहीर बांधणाऱ्याला ती चैन नव्हे, गरज आहे. पंप बंद केला म्हणून कंट्रोल लाइनमधला दाब शून्य होत नाही. त्या नळीत वरपासून खालपर्यंत तेल उभे असते आणि त्याचा भार दट्ट्यावर राहतोच. दर 100 मीटरला हा भार प्रति चौरस सेंटीमीटर साधारण 8 ते 10 किलो भरतो. झडप जितकी खोल, तितका तो जास्त. स्प्रिंग या उभ्या तेलासकट सगळे वर उचलू शकली तरच झडप मिटेल. म्हणून कोणती झडप किती खोल बसवायची याला मर्यादा असते. मिटण्याचे कारण ‘दाब नसणे’ असे ढोबळ सांगून भागत नाही, ‘स्प्रिंगला पुरून उरेल इतका दाब नसणे’ असे सांगावे लागते. या ‘इतका’ला नव्यन्यायात अवच्छेदक म्हणतात. नसलेल्या वस्तूला कोणत्या रूपाने नसलेली म्हणायचे, याची ती सीमारेषा. ती चुकली तर पॅनेलवरचा काटा शून्य दाखवेल आणि खाली विहीर वाहतच राहील.

आता याच प्रश्नाचा धर्माकडचा भाग. संध्यावंदनासारखी नित्यकर्मे केली तर वेगळे फळ नाही, पण केली नाहीत तर दोष लागतो, असे कर्मकांडी परंपरा मानत आली. शंकराचार्यांनी तैत्तिरीय उपनिषदावरच्या भाष्याच्या सुरुवातीला आणि गीताभाष्यातही याला हरकत घेतली. न करणे हा अभाव. दोष ही भावरूप, म्हणजे असलेली, गोष्ट. अभावातून भाव उपजत नाही. मग न करणाऱ्याच्या वाट्याला जे दुःख येते ते कुठून येते? आचार्यांचे उत्तर असे की ते पूर्वी साठलेल्या पापाचे फळ असते, आणि नित्यकर्म न करणे ही त्याची केवळ खूण असते.

या उत्तराची स्प्रिंगशी जुळणी थक्क करणारी आहे. स्प्रिंगमधला जोर आज दाब गेल्याने निर्माण झाला नाही. तो झडप उघडली तेव्हाच साठला. दाबाने जे काम केले त्याचेच ते संचित. दाब जाणे ही फक्त ते संचित फळाला येण्याची वेळ. आचार्यांच्या नजरेने पाहिले तर समुद्राखाली जे घडले त्यात अभावाने काहीही केले नाही. केले ते सगळे आधीच्या भावाने. भौतिकीच्या हिशेबातही हेच बरोबर आहे: झाकण फिरवणारे बळ स्प्रिंगचे आणि विहिरीचे.

तरी एवढ्यावर प्रश्न संपवला तर मोठी चूक होईल, आणि का ते भुसावळच्या रुळांवर स्पष्ट दिसते. रेल्वेचा ब्रेक याच तत्त्वावर चालतो. हल्लीच्या गाड्यांत ब्रेकच्या नळीत प्रति चौरस सेंटीमीटर 5 किलो दाबाची हवा असते. ती आहे तोवर ब्रेक सुटलेले राहतात. डबे तुटून वेगळे झाले, होजपाइप निसटला, हवा गेली की ब्रेक लागतात. पण त्याआधी कितीतरी वर्षे आपल्याकडे व्हॅक्यूम ब्रेक होते. तिथे नळीतली हवा काढून घेतलेली असे, आणि ती निर्वात असेतोवर गाडी धावे. होजपाइप निसटला की बाहेरची हवा आत घुसे आणि ब्रेक लागत. सुरतेकडून अमळनेरवरून भुसावळला जाणाऱ्या गाडीत होजपाइप निसटण्याची घटना तीच, गाडी थांबणेही तेच. पण एका रचनेत हवा जाण्याने ब्रेक लागले, दुसरीत हवा येण्याने. कुठे अभाव कारण म्हणायचा आणि कुठे भाव, हे वस्तूच्या पोटातून उमगत नाही. रचना कोणत्या बाजूने मांडली यावर ते ठरते.

मीमांसकांमधलाच एक पंथ, प्राभाकर, म्हणतो की जमिनीवर घडा नसणे म्हणजे दुसरे काही नसून नुसती जमीन. अभाव हा वेगळा पदार्थच नाही. व्हॅक्यूम ब्रेकचे उदाहरण या पंथाच्या बाजूला झुकते. पण नुसत्या जमिनीकडे पाहून ‘घडा नाही’ असे तोच म्हणतो जो घडा शोधत आला आहे. अपेक्षा हा अभावाचा अर्धा प्राण आहे, आणि माणसाच्या चुकांचा हिशेब करताना तोच निर्णायक ठरतो.

धुळे जिल्ह्यातल्या पांझरेच्या फड पद्धतीत याचे साधे चित्र सापडते. बंधाऱ्यातून पाटाने आलेले पाणी कुणाच्या शेतात कधी सोडायचे आणि कधी तोडायचे, हे गावाने नेमलेला पाटकरी पाहतो. तो रात्री झोपला, पाणी तोडायचे राहिले आणि पीक बुडाले, तर पीक बुडवले पाण्याने, हे भौतिक सत्य. त्या रात्री पाणी न तोडणारा माणूस पाटकरी एकटाच नव्हता, सारे गाव झोपलेले होते. तरी गाव विचारते पाटकऱ्यालाच, आणि योग्यच करते. ‘मी काहीच केले नाही’ हे इतरांचे म्हणणे निर्दोष आहे, त्याचे तेच म्हणणे कबुली आहे. न करणे कारण होते ते जिथे करणे आधी कबूल केलेले असते तिथेच. शंकराचार्यांचा युक्तिवाद विश्वाच्या घडणीबद्दल खरा असेल, पण कबूल केलेल्या कामाबद्दल तो अपुरा आहे.

उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा प्लॅटफॉर्मवर 6 जुलै 1988 च्या रात्री 167 माणसे गेली. एका पंपाची सुरक्षा झडप दुरुस्तीसाठी काढून तिच्या जागी नुसते झाकण लावलेले होते. ते रात्रपाळीला ठाऊक नव्हते. दुसरा पंप बंद पडल्यावर त्यांनी हाच चालू केला, आणि गॅस बाहेर आला. ही झडप विहिरीतल्या झडपेहून वेगळ्या जातीची, पण ‘अज्ञान’ ग्रंथाचा प्रश्न इथे विचारण्याजोगा आहे. रात्रपाळीकडे केवळ ज्ञान नव्हते का? केवळ ज्ञान नसते तर त्यांनी चौकशी केली असती. त्यांच्याकडे ‘पंप ठीक आहे’ अशी एक पक्की समजूत होती. तिने रिकामी जागा झाकली आणि हाताला कळीपर्यंत नेले. शंकराचार्यांच्या परंपरेतले अद्वैती अज्ञानाला भावरूप म्हणतात, ते झाकते आणि भलतेच दाखवते म्हणतात, त्याचा एवढा भयानक दाखला शोधून सापडणार नाही.

मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्रात 27 जुलै 2005 ला ‘समुद्र सुरक्षा’ हे मदतीचे जहाज बीएचएन प्लॅटफॉर्मच्या गॅस वाहणाऱ्या उभ्या नळीवर आदळले. आगीत सारा प्लॅटफॉर्म गेला आणि 22 जणांचे प्राण गेले. जहाजाचा आघात हे उघड भावरूप कारण. पण अशा दुर्घटनेनंतर चौकशी आघातापाशी थांबत नाही आणि थांबू नये. नळीला संरक्षण का नव्हते, जहाज त्याच बाजूला का आले, हे प्रश्न ‘का नव्हते’ या रूपातच येतात. अभाव कारण नसता तर या प्रश्नांना अर्थच उरला नसता.

झडपेला यातले काही कळत नाही. दाब आगीने गेला, नळी तुटल्याने गेला, की पंपाचे सील गळाल्याने, तिला सारे सारखे. नैयायिक सांगतात की अभावांमध्ये स्वतःचा असा भेद नसतो, तो कशाचा अभाव यावरूनच भेद पडतो. दाब गेला एवढेच खाली पोचते. का गेला हे वर माणसांनी शोधायचे. म्हणूनच साधारण सहा महिन्यांनी दाब मुद्दाम सोडून पाहतात, झाकण बसले का, आणि बसूनही किती गळते. मिनिटाला 400 घनसेंटिमीटरपर्यंतची द्रवाची गळती प्रचलित मानकाला चालते. म्हणजे ‘बंद’ हाही पूर्ण अभाव नव्हे, सीमा आखलेलाच आहे.

उघडताना मात्र उलटा क्रम पुरत नाही. कंट्रोल लाइनमध्ये दाब पुन्हा भरला म्हणून झाकण लगेच खाली जात नाही, कारण त्याच्या खाली आता साऱ्या विहिरीचा रेटा साठलेला असतो. तसेच ढकलले तर बिजागरी वाकण्याची भीती. आधी वरून नळीत दाब देऊन झाकणाच्या दोन्ही बाजू समान करतात, आणि मगच कंट्रोल लाइनचा दाब हळूहळू वाढवतात. आतली नळी खाली सरकते, झाकण भिंतीला लागते, स्प्रिंग पुन्हा आवळली जाते.