हातांचे पाचारण

मुलांचा निकाल लागला की आपण प्रार्थना करतो ती बहुधा कायम नोकरीसाठी. त्यांचे हात कशात रमतात, हे विचारायचे राहूनच जाते. निर्गम ३१ मध्ये देवाने बसालेलास नाव घेऊन बोलाविले, आत्म्याने भरले, ते सोने, रत्ने, लाकूड घडविण्यासाठी. (आपल्याला पाचारण म्हटले की पाळकाचा झगाच दिसतो!)

आपल्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढले. तेथे शिकलेल्या दादासाहेब फाळक्यांनी छायाचित्रण केले, छापखाना केला. 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला तो १९१३ साली, तेव्हा त्यांचे वय ४३. आपल्या मुलाने दुसरी वाट धरली, तर मात्र आपण त्याला उडाणटप्पू ठरवितो.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो, येत्या रविवारी सुवर्णवचन झाल्यावर एकेका मुलाला विचारू या, तुला काय करून पाहावेसे वाटते? आणि त्याचे बोलणे संपेपर्यंत आपण गप्प राहू.