न दिसण्याचा हक्क

दिवाळीच्या सुट्टीत गाडी काढून चार दिवस कुठेतरी जाऊन येण्याची चाल आता आपल्याकडे चांगलीच रुळली आहे. फराळाचे डबे भरायचे, लेकरांना मागच्या बाकावर दाटीवाटीने बसवायचे आणि निघायचे. अशा प्रवासात एखादे देवस्थान असते, एखादा किल्ला असतो, आणि लेकरे बरोबर असली म्हणजे जनावरांची बाग असतेच असते. देवळात कसे वागावे हे आपल्याला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. किल्ल्यावर काय आठवावे हे शाळेत शिकवले जाते. जनावरांच्या बागेत, पिंजऱ्यापुढे, माणसाने कसे उभे राहावे हे मात्र आपल्याला कोणी सांगितलेले नाही. मला आज त्याच प्रश्नाचा थोडा विचार करायचा आहे. विषय चकलीसारखा खुसखुशीत नाही. पण सणाच्या दिवशी घरात सगळी माणसे एकत्र असतात, आणि हा प्रश्न सगळ्यांनी मिळून बोलावा असा आहे.

आम्हा नांदेड-लातूरकडच्या माणसांची जनावरांची बाग म्हणजे हैदराबादची. मुंबईची राणीची बाग आम्हाला पुस्तकातून भेटते आणि पुण्याचे कात्रज तिकडे कोणी नातलग असेल तर. हैदराबादचे तसे नाही. १९५६ सालापर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. कोर्टकचेरी, मोठा दवाखाना, वरचे शिक्षण यांसाठी आमच्या वाडवडिलांची वाट तिकडेच जात असे. राज्य बदलले, तरी वाट मोडली नाही. नांदेडहून नरसी, देगलूर, मदनूर, पिटलम, संगारेड्डी करीत पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास गेले की हैदराबाद येते. तिथे मीर आलम तलावाच्या शेजारी सुमारे ३८० एकरांत पसरलेले नेहरू प्राणिसंग्रहालय ६ ऑक्टोबर १९६३ रोजी लोकांसाठी खुले झाले. आमच्याकडच्या कितीतरी लोकांनी आयुष्यातला पहिला वाघ तिथेच पाहिला आहे.

मागे एका सुट्टीत आम्हीही घरची सगळी माणसे तिकडे गेलो. लातूरची माझी नणंद मुलांना घेऊन उदगीरमार्गे देगलूरला येऊन मिळाली. सकाळी सालारजंग वस्तुसंग्रहालय पाहिले. तिथे एक प्रसिद्ध घड्याळ आहे. दर तासाला त्यातला दाढीवाला इवलासा पुतळा बाहेर येतो आणि जितके वाजले असतील तितके ठोके देतो. ते पाहायला माणसे आधीपासून जागा धरून बसतात. ठोके पडले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि आम्ही समाधानाने बाहेर पडलो. दुपारी प्राणिसंग्रहालयात गेलो तर वाघाच्या खंदकाशी तितकीच गर्दी. वाघ मात्र मागच्या झुडपाच्या सावलीत पाठ करून पडलेला. कोणी शीळ घालत होते, कोणी डरकाळीची नक्कल करीत होते. एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणत होते की तिकिटाचे पैसे घेतात, तर जनावर दिसायला नको का? आमचा नातूही हाका मारू लागला, तेव्हा माझ्या सासूबाई, ज्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो, त्याला म्हणाल्या, “कामून वरडायलास रं लेकरा? झोपू दे की त्याला. ते काय सकाळच्या घड्याळातलं बाहुलं हाय का, टायम झाला की भाईर यायला?”

आत्याबाईंना शाळा ठाऊक नाही, पण या बोलण्यात त्यांनी सगळा प्रश्न मांडून ठेवला आहे. घड्याळातले बाहुले दिसण्यासाठीच घडवलेले असते. ते दिसले नाही तर त्याच्या असण्याला अर्थ नाही. वाघाचे अगदी उलट आहे. त्याच्या अंगावरचे पट्टे गवतात मिसळून जाण्यासाठी आहेत. त्याची मऊ गादीची पावले, त्याचे दबकून चालणे, त्याचे रात्री हिंडणे, सगळे काही न दिसण्यासाठी आहे. तो दिसला तर उपाशी मरतो. ज्याचा सारा जन्म लपण्याच्या विद्येवर उभा आहे, त्याला आपण अशा जागी ठेवतो की जिथे दिसणे एवढेच त्याचे काम उरते. कैदेचा विचार करताना आपण नेहमी म्हणतो की त्याला जाता येत नाही. त्याला लपताही येत नाही, हे आपल्या ध्यानात येत नाही.

‘संग्रहालय’ हा शब्दच पाहा. नाण्यांचा संग्रह करता येतो, तलवारींचा करता येतो. नाण्याकडे हजार माणसांनी पाहिले तरी नाण्याचे काही बिघडत नाही. जिवंत प्राण्याला मात्र पाहणाऱ्याची नजर कळते.

इथे एखादा शेतकरी मला थांबवील. तो म्हणेल, “बाई, वाघाचं एवढं वाटतं, मग आमच्या दावणीच्या बैलाचं काय? त्याच्याही नाकात वेसण आहे.” लाल कंधारी आणि देवणी या जातींच्या गाईबैलांनी ज्या मुलखाचे नाव दूरवर नेले, तिथला हा प्रश्न उडवून लावता येणार नाही. मला वाटते, बैलाचे आपल्यावर ऋण आहे आणि ते आपण जाणतो. त्याला नाव असते. तो आजारी पडला तर घरात चूल धड पेटत नाही. पोळ्याच्या दिवशी त्याच्या खांद्याला तूप-हळद लावून आपण वर्षभराच्या कष्टाची कबुली देतो. हा व्यवहार पुरता न्यायाचा आहे असे मी म्हणत नाही. पण त्याला दोन बाजू आहेत. पिंजऱ्यातल्या वाघाशी आपला असा कोणता व्यवहार आहे? आपण पाहतो आणि निघून जातो. त्याच्यासाठी आपला कोणताही पोळा नाही.

या बागांच्या बाजूने दोन गोष्टी सांगितल्या जातात. पहिली म्हणजे शिक्षण. मी शाळेत शिकवते, त्यामुळे ही बाजू मला जवळची आहे. पुस्तकातल्या चित्रात वाघाचा आकार कळत नाही, वास येत नाही. तो आवाज करतो तेव्हा आपल्या छातीत काय होते ते कळत नाही. हे सगळे खरे आहे. परंतु मूल पाटीवरची माहिती वाचण्याआधी शेजारी उभ्या असलेल्या मोठ्या माणसाकडे पाहते. तो शीळ घालत असेल तर मूल तेच शिकते: पैसे दिले की दुसऱ्या जिवाने आपल्यापुढे नाचले पाहिजे. हा धडा पुढे माणसांच्या बाबतीतही लागू पडतो, म्हणून तो मला भितीदायक वाटतो.

पूर्वी बागांतून गज असत. जर्मनीतल्या हॅम्बुर्गजवळ कार्ल हागेनबेक यांनी १९०७ साली गज काढून खंदक खणण्याची पद्धत रूढ केली. आज पुष्कळ ठिकाणी, हैदराबादेतही, तसे खंदक आहेत. त्याने मोकळेपणा वाढला हे खरे. पण गज पहिल्यांदा नाहीसे झाले ते पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढून. प्राण्याची हद्द कुठे संपते ते प्राण्याला ठाऊकच असते. २००३ साली रॉस क्लब आणि जॉर्जिया मेसन या संशोधकांनी दाखवून दिले की रानात जे मांसाहारी प्राणी लांबवर हिंडतात, तेच कैदेत अधिक येरझारा घालतात आणि त्यांचीच पिले अधिक दगावतात. हिमप्रदेशातल्या पांढऱ्या अस्वलाला बागेत मिळणारी जागा त्याच्या रानातल्या लहानात लहान वावराच्या दहा लाखांश भागाइतकी भरते. येरझारा पाहून आपण म्हणतो, “बघ, कसा ऐटीत फिरतोय!” ती ऐट नसते.

दुसरी गोष्ट संरक्षणाची, आणि ती मात्र वजनदार आहे. अरबस्तानातला ओरिक्स हा पांढरा हरिणासारखा प्राणी १९७२ च्या सुमारास रानातून नाहीसा झाला. त्याआधी काही जनावरे बागांतून जतन केली होती, म्हणून १९८२ साली त्यांची संतती ओमानच्या वाळवंटात पुन्हा सोडता आली. एवढे लांब जायलाही नको. हैदराबादच्याच बागेत २०१० साली पिसोरी या मांजराएवढ्या हरिणाची पैदास सुरू झाली आणि २०१७ साली काही पिसोऱ्या अमराबादच्या व्याघ्रप्रकल्पात सोडण्यात आल्या. हे काम करणाऱ्यांपुढे मी हात जोडते. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अशा पैदाशीच्या जागा प्रेक्षकांच्या नजरेआड ठेवाव्या लागतात. म्हणजे बागेत प्राण्यासाठी जे सर्वांत चांगले काम चालते, ते आपल्याला दाखवायचे नसते.

मग बागा बंद कराव्यात काय? इथे माझे मन अडखळते, आणि ते माझ्या वर्गातल्या मुलांमुळे. त्यांतल्या काहींचे आईबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. ताडोबाच्या जीपमध्ये बसण्याइतके पैसे त्यांच्या घरात कधी साठायचे नाहीत. लातूर जिल्ह्यात तर रान असे नावालाच उरले आहे. शाळेच्या सहलीत दिसलेला वाघ हाच त्यांचा वाघ. बाग बंद केली तर वाघ पाहणे ही श्रीमंतांची मिरास होईल, आणि ज्याला वाघ कधी दिसलाच नाही त्याने वाघासाठी रान राखावे असे आपण कोणत्या तोंडाने सांगणार? ही अडचण खरी आहे. प्राण्याचा हक्क आणि गरीब मुलाचा आनंद समोरासमोर उभे राहतात, आणि दोन्हींना नाही म्हणणे कठीण जाते.

यातून वाट काढताना मला एका वाघाचा प्रवास आठवतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ २०१९ च्या जूनमध्ये नवी जागा शोधायला निघाला. त्याच्या गळ्यात संशोधकांनी पट्टा बांधलेला होता, म्हणून त्याची वाट कळली. दोन राज्यांतले सात जिल्हे, शेते, ओढे, गावे, हमरस्ते ओलांडीत त्याने पाच महिन्यांत १,३०० किलोमीटरांहून अधिक चाल केली आणि डिसेंबरच्या सुरुवातीला तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. वाटेत हिंगोलीचा मुलूख लागला. म्हणजे आमच्या अगदी उशाशीच. एवढ्या वाटेत माणसाला इजा होण्याचा एकच प्रसंग घडला. तो विसावला होता त्या झुडपात माणसांचा एक घोळका शिरला, तेव्हा. बाकी शेकडो गावांनी तो पाहिलाच नाही. तरीही ही बातमी आली तेव्हा आमच्या शाळेत मुलांनी नकाशा काढून बोटाने त्याची वाट गिरवली होती. कोणीही त्याला पाहिले नव्हते. तो आहे आणि चालतो आहे, एवढ्यावरच ती मुले हरखून गेली होती.

त्यावरून मला असे वाटते, की पाहण्याचा आनंद हा सर्वांत मोठा आनंद नव्हे. दुसरा जीव आपल्यापासून वेगळा, आपल्या उपयोगाशिवाय, आपल्या नजरेशिवाय या जगात आहे, हे कळण्याचा आनंद त्याहून मोठा आहे. गरीब मुलालाही तो मिळू शकतो, आणि त्यासाठी वाघाला काही द्यावे लागत नाही. मात्र तो आपोआप येत नाही, शिकवावा लागतो.

म्हणून बागेत जाऊ नका असे मी म्हणणार नाही. जा, पण बागेची पारख वेगळ्या मापाने करा. तिथे किती प्राणी आहेत हे मोजण्याऐवजी त्यांना आडोसा किती आहे ते पाहा. प्राण्यापुढे शांत उभे राहा. प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याला डिवचणे, खायला घालणे किंवा आवाज करून त्रास देणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा ठरवला आहे. म्हणजे आत्याबाईंचे म्हणणे सरकारनेही मान्य केलेले आहे. आणि वाघ झुडपामागे पडून राहिला, तर पैसे वाया गेले असे मुलांना सांगू नका. त्यांना सांगा की तो तिथे आहे, आज त्याला यायचे नाही, आणि ते ठरवण्याचा हक्क त्याचा आहे. घरातल्या माणसालाही कधी कधी कोणापुढे यावेसे वाटत नाही. तेव्हा दाराशी हळू बोलायचे असते, हे ज्या मुलाला कळले, त्याची सहल कारणी लागली असे मी समजते.