भटारखान्यातली झीज

हॉटेलातल्या कामगाराचा हात भाजला, बोट कापले किंवा तो ओल्या फरशीवर घसरून पडला, तर त्या घटनेला तारीख असते, वेळ असते आणि बहुधा साक्षीदारही असतात. पण वर्षानुवर्षे मोरीवर वाकून भांडी घासणाऱ्याची कंबर धरते किंवा पोळ्या लाटणाऱ्या बाईच्या अंगठ्यातून कळ निघू लागते, तेव्हा ते दुखणे नेमके कोणत्या दिवशी सुरू झाले हे ज्याचे त्यालाही सांगता येत नाही. कामाच्या पद्धतीमुळे स्नायू, स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा, सांधे, मणके आणि त्यांच्यालगतचे मज्जातंतू यांना होणाऱ्या इजेला वैद्यकात व्यवसायजन्य स्नायू-अस्थी विकार म्हणतात. उपाहारगृहांच्या धंद्यात ही इजा सर्रास आढळते, आणि तरीही ती वयाच्या, वाताच्या नाहीतर नशिबाच्या खात्यावर मांडली जाते, याचे मोठे कारण तिच्या या संथपणात आहे.

या विकारांचे ज्ञान नवे नाही. इटलीतील मोडेना येथील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कामगारांच्या रोगांवर लिहिलेल्या ग्रंथात धूळ आणि विषारी वाफांच्या बरोबरीने शरीराची अस्वाभाविक ठेवण आणि बेताल हालचाल यांनाही रोगाचे कारण मानले होते, आणि रोग्याला तपासताना त्याचा धंदा कोणता हे अवश्य विचारावे, असे वैद्यांना बजावले होते. पीठ मळून सुजणारे भटारी कामगारांचे हात त्यांच्या नोंदीत आहेत.

शरीरात नेमके काय घडते हे पाहिले की या दुखण्यामागचा अन्याय स्पष्ट होतो. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात आणि सैलावतात व त्यामुळे पायांतील रक्त वर ढकलले जाते. मात्र तव्यासमोर किंवा गल्ल्याशेजारी एकाच जागी तासन्‌तास उभे राहिले की हा उपसा मंदावतो, पाय सुजतात आणि कालांतराने शिरा फुगून निळ्या-जांभळ्या दिसू लागतात. सतत आवळलेल्या स्नायूत सूक्ष्म रक्तवाहिन्या दाबल्या जातात, त्यामुळे काही न उचलता, काही न ढकलतासुद्धा तो स्नायू थकतो. मणक्यांमधील चकतीला प्रौढ वयात स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतोच. दाब कमी-जास्त होत असताना आजूबाजूने झिरपणाऱ्या द्रवावर ती जगते. स्वीडनचे शल्यविशारद आल्फ नाखेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या चकत्यांमधील दाब मोजून दाखवले की नुसते पुढे वाकले तरी तो वाढतो, आणि हातात वजन असेल तर आणखी चढतो. तंदूरच्या तोंडाशी वाकणारा कारागीर आणि मोरीच्या तळाशी हात घालून पातेले वर काढणारा मुलगा हे दोघेही दिवसभर याच अवस्थेत असतात.

वजनाचाही हिशेब मांडायला हवा. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्यविषयक राष्ट्रीय संस्थेने वजन उचलण्यासाठी जे सूत्र बसवले आहे, त्यात सर्व परिस्थिती अनुकूल असताना २३ किलो ही मर्यादा धरली आहे, आणि उचलताना वाकावे, वळावे किंवा हात लांब न्यावे लागले तर ती आणखी खाली येते. व्यावसायिक सिलिंडरमध्ये गॅसच १९ किलो असतो आणि लोखंडासह त्याचे वजन तिशीच्या बरेच पुढे जाते. तांदळाचे पोते ५० किलोंचे असते. आणि रस्सा भरलेल्या टोपाचे वजन तर कोणी करतच नाही, तो गरम असल्यामुळे अंगापासून दूर धरावा लागतो आणि त्यामुळे कमरेवरचा ताण वाढतो.

पोळी लाटण्याचे काम यापेक्षा हलके समजले जाते, आणि हा समज फार अपुरा आहे. लाटणे फिरवताना तळहाताने दाब द्यावा लागतो, मनगट क्षणात अंगठ्याच्या बाजूला व क्षणात करंगळीच्या बाजूला झुकते आणि हीच हालचाल दर पोळीला कितीतरी वेळा होते. अंगठा उचलणाऱ्या दोन कंडरा मनगटापाशी एका अरुंद आवरणातून जातात; ते आवरण सुजून जाड झाले की अंगठा हलवताना तीव्र कळ येते. स्विस शल्यविशारद फ्रिट्झ द कर्व्हँ यांनी १८९५ मध्ये वर्णिलेला हा विकार त्यांच्याच नावाने ओळखला जातो. मुंबईच्या गिरणगावात हजारो एकट्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले, बँकांची कर्जे मिळवून दिली आणि त्या श्रमाला प्रतिष्ठा मिळवून दिली. गिरणी कामगारांच्या इतिहासात या बायकांच्या मनगटांची आणि जमिनीवर बसून आखडलेल्या गुडघ्यांचीही नोंद व्हायला हवी होती. वेटरच्या हाताची कथा वेगळी आहे: भरलेला ट्रे तळहातावर तोलताना मनगट मागे वळलेले राहते, तेथील अरुंद बोगद्यातून जाणाऱ्या मज्जातंतूवर दाब येतो, आणि अंगठ्याला आणि त्याच्या शेजारच्या बोटांना रात्री मुंग्या येऊ लागतात.

तैवानमधील हॉटेलांच्या उपाहारगृहांत झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, मागील महिन्यात अंग दुखल्याचे सांगणाऱ्या कामगारांचे प्रमाण ८० टक्क्यांहून अधिक होते. अशा पाहण्यांतही खरे दुखणे कमीच मोजले जाते, कारण ज्यांना काम झेपेनासे झाले ते आधीच बाहेर पडलेले असतात आणि उरलेल्या सुदृढांचीच गणती होते. संशोधक याला निरोगी कामगार परिणाम म्हणतात. मुंबई-पुण्याच्या हॉटेलांत तो विशेष प्रबळ असावा. पूर्वी दक्षिण कन्नड भागातून आलेली मुले उडुपी हॉटेलांत राबून रात्रशाळेत शिकत आणि त्यांतली काही पुढे मालकही होत. आज त्यांच्या जागी उत्तर प्रदेश, झारखंड, ओडिशा किंवा नेपाळमधून आलेले तरुण आहेत, आणि कंबर गेलेला तरुण गावी परततो तेव्हा त्याच्या दुखण्याचा खर्च हॉटेलाच्या कोणत्याही वहीत चढत नाही.

कायद्याची भूमिका या विस्मरणाला बळ देणारी आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यात उचलायच्या वजनावर मर्यादा घालण्याची आणि उभ्याने काम करणाऱ्यांना बसण्याची सोय देण्याची कलमे होती, परंतु त्याच कायद्याच्या व्याख्येत हॉटेल, उपाहारगृह आणि खानपानाची जागा कारखान्यातून स्पष्ट शब्दांत वगळलेली होती. दुकानांतील कामगारांच्या बसण्याच्या हक्कासाठी केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये कायदा बदलला, ही मोलाची पावले होत. भरपाईच्या बाबतीत अडचण अधिक खोल आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेत व्यवसायजन्य रोगांची यादी आहे. त्या यादीत नसलेला रोग एखाद्या विशिष्ट अपघाती इजेतून थेट उद्भवला असे दाखवता आले तरच तो कामातून झालेला मानला जातो. झिजलेली चकती किंवा सुजलेले मनगट यादीत नाही, आणि अपघात तर कधी झालेलाच नसतो. त्यामुळे ज्याला इजा म्हणून वेतनाच्या ९० टक्के मिळाले असते, त्याला साधा आजारी म्हणून ७० टक्के आणि तेही ठरावीक दिवसांपुरते मिळतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१० मध्ये सुधारलेल्या यादीत मात्र या विकारांचा स्वतंत्र वर्ग आहे.

उपायांच्या नावाखाली बहुतेक वेळा कामगारालाच शहाणपण शिकवले जाते. ओझे कसे उचलावे याचे नुसते प्रशिक्षण पाठदुखी टाळते याला पुरावा नाही, असा निष्कर्ष कॉक्रेन या संस्थेच्या २०११ च्या आढाव्यात निघाला आहे, आणि बाजारात मिळणाऱ्या कमरपट्ट्यांची उपयुक्तताही सिद्ध झालेली नाही. बदलायला हवे ते काम आणि कामाची जागा. ओटा काम करणाऱ्याच्या कोपराच्या थोडा खाली असावा, जड मळणी-लाटणीसाठी आणखी खाली. मोरीचा तळ उथळ असावा किंवा आत पाट ठेवून तो वर आणावा. टोप ढकलायला चाकांची गाडी असावी. एक पाय आलटून-पालटून टेकायला ओट्याखाली पट्टी असावी. आणि लाटणारीला दर थोड्या वेळाने दुसरे काम मिळावे. यांतले काहीही महाग नाही. गर्दीच्या वेळी दोन माणसे जास्त ठेवणे मात्र महाग आहे, आणि मालकांचा खरा विरोध तिथेच असतो.

अन्नसुरक्षेच्या २०११ च्या परवानाविषयक नियमांप्रमाणे अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हावी लागते, त्याला संसर्गजन्य रोग नाही असा दाखला ठेवावा लागतो. म्हणजे या कामगाराचे शरीर दरवर्षी तपासले जाते, पण ते खाणाऱ्याच्या काळजीपोटी. नॉर्डिक देशांतील संशोधकांनी १९८७ मध्ये तयार केलेली प्रश्नावली मानेपासून घोट्यापर्यंत शरीराचे नऊ भाग घेऊन गेल्या बारा महिन्यांत आणि गेल्या सात दिवसांत तिथे दुखले का, असे साधे प्रश्न विचारते, आणि ती त्याच तपासणीत काही मिनिटांत भरून घेता येईल. अट एकच: दाखला मालकाच्या फाइलीत जातो, म्हणून ही उत्तरे त्या फाइलीत जाता कामा नयेत, ती नावाशिवाय कामगार विभागाकडे पोहोचावीत, नाहीतर कंबर दुखते म्हणणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कामावरून काढले जाईल आणि तिसऱ्या वर्षी कोणाचेच काही दुखत नाही असे सर्व कागद सांगू लागतील.