अळीचा घास

आपण कावळ्याला घास ठेवतो, गाईला ठेवतो. अळीला कोण ठेवतो? २००२ साली अळीमारक बीटी कपाशी आली, तेव्हा पाकिटासोबत साध्या बियांची १२० ग्रॅमची पुडी असे. ती शेताच्या कडेने पेरायची नि अळीला खुशाल खाऊ द्यायचं! तिथं पोसलेल्या पतंगांनी बीटी पचवणाऱ्यांशी सोयरीक करायची. त्यांची पोरं बीटी खाऊन मरायची. झकास हिशेब! पण ‘शेजारी पेरेलच की’ म्हणून पुष्कळांनी पुडी फेकली. शेजाऱ्याचंही तेच मत. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भात बोंडं पोखरली. आपल्याला हसायला काय जातं? कर्ज काढून दोन एकर पेरणाऱ्याने तोटा एकट्याने सोसायचा, फायदा साऱ्या गावाने घ्यायचा! आपण पगारी माणसं तरी दुसऱ्यासाठी किती ओळी सोडतो?